वार्धक्यातील वेदना आणि भांगेचे तेल

सांधेदुखी व निद्रानाशाने त्रस्त वृद्धांना भांगेचे तेल द्यावे काय? यवतमाळ जिल्ह्यातील कुटुंबांनी याचा विचार सावधपणे करावयास हवा.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच पानांपासून बनविलेली आयुर्वेदिक औषधे विकता येतात. मात्र ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना त्यांवर आवश्यक असते. तथापि, कायदेशीर ते गुणकारी असेलच असे नाही. भांगेतील सीबीडी या घटकाच्या औषधाला अमेरिकेने २०१८ मध्ये मान्यता दिली, ती अपस्माराच्या दुर्मीळ प्रकारांसाठी, सांधेदुखीसाठी नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरीनचा प्रभाव सीबीडीमुळे वाढू शकतो. गुंगी येऊन वृद्ध व्यक्ती पडण्याचाही धोका असतो.

कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर मॉर्फीन हे सिद्ध औषध आहे. ते रुग्णांना सुलभतेने मिळावे म्हणून २०१४ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती झाली, ही गोष्ट अनेक कुटुंबांना ठाऊक नसते.

धर्मग्रामातील आजारी वृद्धांना भेटणाऱ्यांनी तेलाची बाटली सुचविण्याऐवजी त्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे आणि चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. वेदना निमूटपणे सोसणे हे वार्धक्याचे प्राक्तन नव्हे.