निरोगी दिसणाऱ्यांच्या पोटातील जंत

पावसाळ्यापूर्वी शेळ्यांना जंतांचे औषध पाजताना जाणता शेतकरी केवळ खंगलेल्या शेळ्या निवडीत बसत नाही; तो सबंध कळपास औषध देतो. धष्टपुष्ट शेळीही लेंड्यांवाटे कुरणात जंतांची अंडी टाकीत असते, हे त्यास ठाऊक असते. घरच्या माणसांविषयी मात्र आपण असा विचार करीत नाही. "मुलाचे पोट दुखत नाही, मग गोळी कशाला?" असे विचारले जाते. आमच्या मते ही समजूत घातक आहे.

पोटात जंत थोडे असल्यास बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. परंतु गोलकृमीची एक मादी दिवसाकाठी सुमारे २ लक्ष अंडी घालू शकते. विष्ठेवाटे मातीत गेलेली ही अंडी न धुतलेल्या हातांवाटे व कच्च्या भाजीपाल्यावाटे पुन्हा तोंडात जातात. अंकुशकृमीच्या अळ्या तर ओलसर मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात. पुढे हे कृमी आतड्यास चिकटून रक्त शोषतात आणि त्यांची संख्या वाढली म्हणजे पंडुरोग जडतो. म्हणजेच, ज्यास काही होत नाही असा मनुष्य बांधाआड शौचास बसला, तर त्याचे जंत शेजाऱ्याच्या मुलाच्या वाट्यास येतात.

२०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळांतून व अंगणवाड्यांतून अल्बेंडॅझोलची गोळी विनामूल्य मिळते. निरोगी दिसणाऱ्या मुलानेही ती अवश्य घ्यावी. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलास ती बरे झाल्यावर द्यावी. प्रौढांनी, विशेषतः गरोदर स्त्रियांनी, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तथापि केवळ गोळीवर विसंबून चालणार नाही. औषधाने पोटातील जंत मरतात. मातीतील अंडी तशीच राहतात. यास्तव प्रत्येकाने संडासाचाच वापर करावा. ताजा मैला शेतात टाकू नये. दोन खड्ड्यांच्या संडासातील भरलेला खड्डा निदान दोन वर्षे बंद ठेवूनच त्यातील सोनखत काढावे. ओल्या रानात पादत्राणे घालावीत व जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे नियम प्रथम स्वतःच्या घरी पाळावेत. मग "गोळी कशाला?" असे कोणी विचारल्यास शेळ्यांच्या कळपाचा दाखला द्यावा. शेतकऱ्यास तो चटकन पटेल.