खोडलेलीं नांवें

‘लिनक्स’ ही संगणकप्रणाली १९९१ सालीं फिनलंडांतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं आरंभिली. पुढें देशोदेशींचे लोक तिचे राखणदार झाले. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली, निर्बंध वाढले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें राखणदारांच्या यादींतून रशियाशीं संबंध असलेलीं सुमारें डझनभर नांवें खोडलीं गेलीं. कारण काय, तर ‘नियमपालन’. पुरेसे कागद दिल्यास परत येतां येईल, एवढीच पुस्ती. युक्रेनी जनतेचे हाल आम्ही विसरलों नाहीं. कायदा मोडावा असेंही आमचें म्हणणें नाहीं. परंतु केलेल्या कामाबद्दल आभाराचा एक शब्द त्याच वेळीं लिहिण्यास कोणत्या कायद्याची मनाई होती? दिलगिरी आली, ती ओरड झाल्यावर.