‘कूल’ राहा, थंड पडू नका!

मे महिन्यात गोंदियाचा पारा पंचेचाळिशीला टेकला, तरी आमची तरुण पोरे ‘कूल’ असतात! गाडी कूल, चष्मा कूल, मोबाईलही कूल. इंग्रजीत या एका शब्दाचे अर्थ अनेक : गार, झकास, शांत डोक्याचा आणि बेपर्वाही. यातला कोणता अर्थ घ्यायचा, हे आंबेडकरी तरुणाने ठरवावे, एवढेच आमचे म्हणणे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या आपल्या माणसांवर सनातन्यांनी लाठ्या चालविल्या. बाबासाहेबांनी संतापलेल्या अनुयायांना आवरले आणि हल्लेखोरांना कोर्टात शिक्षा झाली. शांत डोक्याचे ‘कूल’ ते हे!

दुसरे ‘कूल’ही आम्ही पाहिले. १९९९ पर्यंत आपण ज्या भंडारा जिल्ह्यात होतो, तिथे २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी हत्याकांड घडले. मोठी वृत्तपत्रे आधी थंडच होती. नोव्हेंबरात समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा कुठे तपास सीबीआयकडे गेला.

तेव्हा तरुणांनो, डोके जरूर थंड ठेवा. पण अन्यायाची बातमी ऐकून खांदे उडविणारे ‘कूल’ आपल्या चळवळीला परवडणारे नाही. जयभीम!