आधी लिहा, मग पहा



सामना संपला, की तो कसा होणार हे सगळ्यांनाच आधीपासून ठाऊक असते! "मी म्हणतच होतो," हे वाक्य तुम्ही क्रिकेटच्या सामन्यानंतर, कबड्डीनंतर, निवडणुकीनंतर कितीतरी वेळा ऐकले असेल. असे म्हणणाऱ्याला "कुठे लिहून ठेवले होते का?" एवढेच विचारून पहा. बहुधा उत्तर मिळणार नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की जे आधी लिहिले नाही ते भाकीतच नव्हे. आणि त्यातून कोणी काही शिकतही नाही.

हे समजून घेण्यासाठी मिक्स्ड मार्शल आर्ट्स या खेळाचे उदाहरण घेऊ. यात मुष्टियुद्धातले ठोसे, कुस्तीतल्या पकडी, ज्युदोतली फेक आणि लाथासुद्धा चालतात. अजिंक्यपदाची लढत पाच-पाच मिनिटांच्या पाच फेऱ्यांची असते. एखादा खेळाडू बेशुद्ध पडला, त्याने हार कबूल केली किंवा पंचांनी लढत थांबवली, तर निकाल तिथेच लागतो. नाहीतर तीन परीक्षक गुण देऊन तो ठरवतात. निकालाच्या वाटा इतक्या असल्यामुळे या खेळात भाकीत करणे फार अवघड.

दि. 20 ऑगस्ट 2022 रोजी अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे अशीच एक लढत झाली. एका बाजूला विजेता कमारू उस्मान, दुसऱ्या बाजूला आव्हानवीर लिऑन एडवर्ड्स. उस्मान त्या स्पर्धामालिकेत सलग 15 लढती जिंकलेला होता. 2015 साली त्याने याच एडवर्ड्सला हरवले होते. साहजिकच बहुतेकांचा कौल उस्मानकडे होता. पहिली फेरी एडवर्ड्सची झाली, पण पुढच्या तीन फेऱ्यांत उस्मानने त्याला दाबून ठेवले. परीक्षकांच्या गुणपत्रिकांत उस्मान पुढे होता. शेवटची फेरी संपायला 56 सेकंद उरले असताना एडवर्ड्सने डाव्या हाताच्या ठोशाची हूल दिली आणि त्यामागोमाग डाव्या पायाची लाथ उस्मानच्या डोक्यावर मारली. उस्मान कोसळला. लढत संपली!

आता सांगा, "उस्मान जिंकेल" असे म्हणणारे चुकले का? घाईने "हो" म्हणू नका. त्यांची कारणे तपासून पहा. "उस्मानची कुस्ती वरचढ ठरेल," हे कारण तीन फेऱ्या खरे ठरलेच होते. म्हणजे निकाल उलटा लागला, तरी विचार सगळाच चुकीचा नव्हता. चुकले ते "उस्मान नक्कीच जिंकेल" असे म्हणणारे. लहान शक्यता म्हणजे शून्य शक्यता नव्हे, हे ते विसरले.

आपली स्मृती मात्र इथे दगा देते. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1975 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने लोकांना 1814 च्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकिगत वाचायला दिली. एका गटाला सांगितले, की इंग्रज जिंकले. दुसऱ्याला सांगितले, की गुरखे जिंकले. आणखी काही गटांना वेगळेच शेवट सांगितले. मग विचारले, की हा शेवट होण्याची शक्यता आधी किती होती? ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच अधिक संभवनीय वाटला. हकिगत मात्र सर्वांना एकच दिली होती! यालाच आपण पश्चातबुद्धी म्हणतो. हिच्यावर उपाय एकच: निकालापूर्वी कागदावर आकडा लिहिणे.

पण लिहिलेल्या आकड्याला गुण कसे द्यायचे? अमेरिकेच्या हवामान खात्यातील ग्लेन ब्रायर याने 1950 साली एक सोपी रीत सुचवली. घटना घडली तर 1 आणि न घडली तर 0 धरा. त्यातून तुम्ही सांगितलेली शक्यता वजा करा आणि वजाबाकीचा वर्ग करा. हे झाले तुमचे दंडगुण. जितके कमी तितके चांगले.

समजा, चार लढती आहेत आणि प्रत्येकीत एक खेळाडू वरचढ आहे. पैकी तीन लढती वरचढ खेळाडूने जिंकल्या, एक तो हरला. सुनील दर वेळी म्हणाला, "वरचढच जिंकणार, शक्यता 1." त्याचे दंडगुण 0, 0, 0 आणि 1, सरासरी 0.25. मीना दर वेळी म्हणाली, "काही सांगता येत नाही, शक्यता 0.5." तिची सरासरीही 0.25. अन्वर म्हणाला, "शक्यता 0.75." त्याचे दंडगुण तीनदा 0.0625 आणि एकदा 0.5625, सरासरी 0.1875. छातीठोक सांगणारा आणि कुंपणावर बसणारी सारखेच ठरले. आपल्याला किती माहीत आहे हे ओळखून बोलणारा जिंकला! मात्र फक्त हरलेली लढत मोजली असती, तर मीना पहिली आली असती. म्हणून एका निकालावरून कोणालाही शहाणा किंवा मूर्ख ठरवू नये.

मग एका निकालातून शिकायचे किती? बुद्धिबळात याचे उत्तर आहे. अर्पाद एलो या भौतिकीच्या प्राध्यापकाची मानांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने 1970 साली स्वीकारली. तिचे सूत्र असे: प्रत्यक्ष निकालातून अपेक्षित निकाल वजा करा, उत्तराला एका ठरावीक अंकाने गुणा आणि तेवढे गुण मानांकनात मिळवा. समजा, तो अंक 32 आहे आणि विजयाची अपेक्षा 0.75 होती. खेळाडू जिंकला तर त्याला 8 गुण मिळतील. हरला तर त्याचे 24 गुण जातील. अपेक्षेप्रमाणे घडले तर मत थोडे बदला, अपेक्षा मोडली तर अधिक बदला. पण एकदम उलटे फिरू नका.

काही शिक्षक म्हणतील, "मारामारीचा खेळ मुलांपुढे कशाला?" शंका रास्त आहे. या खेळात इजा होते, आणि तो पाहण्याचा आग्रह मी धरणार नाही. रीत महत्त्वाची. ती शाळेतल्या कबड्डीला किंवा उद्याच्या पावसालाही लागू पडते. दुसरी भीती सट्ट्याची. तिथे मी ठाम आहे: या वहीत पैशाला जागा नाही. पैसा आला, की माणूस जिंकण्यासाठी लिहितो, शिकण्यासाठी नाही.

तेव्हा वर्गात एक भाकीत-वही ठेवा. पाच रकाने आखा: तारीख, घटना, शक्यता, कारणे, निकाल. शक्यता शाईने लिहा, म्हणजे खोडता येणार नाही. निकाल लागल्यावर दंडगुण काढा आणि कोणते कारण टिकले, कोणते पडले, ते वेगळे नोंदवा. तीस-चाळीस नोंदी झाल्या, की सरासरी काढा. प्रयोगशाळेत आपण आधी अनुमान लिहितो आणि मग परीक्षानळी तापवतो. मैदानावरच्या घटनांना तरी वेगळा नियम का असावा?

पुढच्या सामन्यापूर्वी पेन हातात घ्या. "मी म्हणतच होतो" असे म्हणण्याचा हक्क वही दाखवणाऱ्यालाच आहे.