माग दाखवून पैठणी विकते, मग बाग दाखवून द्राक्षं का नाहीत?

निफाड : फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर चांदोरीपासून विंचूरपर्यंत ठिकठिकाणी द्राक्षांचे स्टॉल लागतात. गाडी थांबते, भाव होतो, दोन किलो घेतात, गाडी निघते. पाच मिनिटांचा व्यवहार. तीच गाडी पुढे येवल्यात पैठणीच्या दुकानासमोर थांबली, तर तासभर हलत नाही.

फरक मालाचा नाही, दाखवण्याचा आहे. येवल्यात बऱ्याच दुकानांत किंवा मागच्या घरात हातमाग चालू असतो. गिऱ्हाईक आधी विणकराजवळ उभं राहतं. पदरावरचा मोर एकेका धाग्याने कसा भरतात, एका साडीला आठवडे, कधी महिने का लागतात, हे डोळ्यांनी बघतं. मग किंमत ऐकून दचकत नाही. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण गिऱ्हाईक तो कागद वाचत नाही, माग बघतं.

नाशिकच्या पलीकडे गंगापूर धरणाच्या बाजूला सुला वायनरीने हेच द्राक्षावर केलं. २००५ मध्ये वाईन चाखायची खोली उघडली, २००८ मध्ये संगीताचा सुलाफेस्ट सुरू केला. मुंबई-पुण्याची माणसं तिथं दिवस घालवायला येतात आणि जाताना बाटली घेऊन जातात.

आता आपल्याकडे बघू. नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालं. थंडीत पक्षी बघायला लोक येतात, अन् त्याच दिवसांत आपल्या बागा मालावर येतात. लासलगावचा कांदा देशाला माहीत आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरणही २०२० मध्येच आलं, शेतकऱ्याला केंद्राची नोंदणी करता येते. मग पक्षी बघून माघारी जाणाऱ्या गाडीत आपला माल किती असतो?

अडचणी आहेत, त्या लपवून उपयोग नाही. फवारणी झाली की काही दिवस बाहेरच्या माणसाला, लेकराबाळांना तर मुळीच, बागेत सोडता येत नाही. निर्यातीच्या मालात गर्दी चालत नाही. म्हणजे पाहुण्यांसाठी चार ओळी वेगळ्या राखाव्या लागतील. हंगाम तीन-चार महिन्यांचाच. बाकीच्या दिवसांत बेदाणा, कांद्याची चटणी, घरचं जेवण यावर दुकान चालवावं लागेल. आणि पाटी लावायच्या आधी गाड्यांना जागा अन् स्वच्छ शौचालय पाहिजे.

सगळ्यात मोठा प्रश्न मालकीचा आहे. पैठणीत माग चालवणारा विणकर पुष्कळदा मजुरीवर असतो, भाव दुकान ठरवतं. उद्या बाग आपली अन् दुकान दुसऱ्याचं असं झालं, तर शेतकरी नुसता शोभेला उभा राहील. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी उभी राहू शकते, तर दहा बागायतदार आणि गावातला एक महिला बचत गट मिळून रस्त्यावर एक दुकान काढू शकत नाहीत का?

भांडवल लागेल, पण नवी बाग उभी करायला लागतं तेवढं नाही. स्टॉल तर दरवर्षी लागतातच. तिथं चार खुर्च्या, आतली बाग दाखवणारा एक माणूस आणि मालावर गावाचं नाव, एवढ्यापासून सुरुवात होते. पाहुण्यांच्या ओळी कोणत्या अन् पैसा कसा वाटायचा, हे मात्र ऑक्टोबर छाटणीच्या आधी बसून ठरवायला हवं. माल तयार झाल्यावर तेवढी उसंत कुणालाच नसते.