गच्चीवरची पंचवीस वर्षं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सुदामानगरच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पंचवीस वर्षांची गॅरंटी घेऊन मी काय करू?"

खरं तर पंचवीस वर्षांनी पॅनल बंद पडत नाहीत. तेव्हाही ते मूळच्या साधारण ८० टक्के वीज देतील, एवढीच ती हमी. आधी दमतो तो इन्व्हर्टर, दहा-बारा वर्षांत. सूर्यघर योजनेची ७८,००० रुपयांची सबसिडी एकदाच मिळते. नवा इन्व्हर्टर आपल्याच खिशातून. त्यासाठी आम्ही आतापासूनच आरडी सुरू केली आहे.

पॅनल धुण्याचं काम माझं. शहर स्वच्छतेत पहिलं आलेलं आहे, पण हे गच्चीवरच्या धुळीला कुणी सांगितलेलं नाही! बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून सकाळी ऊन तापायच्या आत नर्मदेच्या पाण्याच्या दोन बादल्या. हेच पाणी उपसण्याचा विजेचा खर्च कमी व्हावा म्हणून आपल्या महापालिकेने २०२३ मध्ये जलूदच्या सोलर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले होते.

आमचं घोडं अडलं होतं ते कागदावर. मीटर अजून आजोबांच्या नावावर! ते बदलण्यात दीड महिना गेला. बाबांनी स्वतःचं नाव लावायला नकार दिला, माझं लावलं. धाकट्याने बंगळुरूहून विचारलं, "दादा, पुढे घर विकायचं झालं तर?" बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वॉरंटीच्या फाइलवर त्यांनी आम्हा दोघांचीही नावं लिहून ठेवली.