सराव मोजायचा कसा?

विद्यार्थी मित्रांनो, पोहणे पाण्यात उतरूनच येते आणि गणित गणिते सोडवूनच सुटते. ज्याचा सराव करावा तेच अंगी मुरते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. १९८८ साली जपानमधील काही तरुणांनी हे साधे तत्त्व एका संगणकीय खेळात उतरविण्याचा प्रयत्न केला. तो पुरता साधला नाही. परंतु तो नेमका कोठे फसला हे विद्यार्थ्यांनी, आणि त्याहूनही शिक्षकांनी, पाहण्यासारखे आहे असे माझे मत आहे.

खेळाचे नाव 'फायनल फॅन्टसी २'. 'स्क्वेअर' या कंपनीने तो डिसेंबर १९८८ मध्ये निन्टेंडोच्या 'फॅमिकॉम' यंत्रासाठी काढला. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे हे यंत्र १९८३ सालचे. त्याचा प्रक्रियक आठ बिटांचा आणि कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच पूर्णांक मावतात. अशा तुटपुंज्या सामग्रीवर साम्राज्याविरुद्ध बंड करणाऱ्या तरुणांची दीर्घ कथा उभी करावयाची होती.

त्यापूर्वीच्या अशा खेळांत, उदाहरणार्थ १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये, शत्रू मारला की गुण मिळत. गुणांची ठरावीक बेरीज झाली की नायक एक पायरी वर चढे. अकितोशी कावाझू या रचनाकाराने 'फायनल फॅन्टसी २'मधून ही शिडीच काढून टाकली. तलवार वापराल तर तलवारीत निपुण व्हाल, मंत्र वापराल तर तो मंत्र प्रभावी होईल. लढाईत जीवशक्ती बरीच खर्ची पडली, तर तिची कमाल मर्यादा वाढेल. बळ वाढताना कधी बुद्धी घटेल, अशीही योजना होती. कल्पना किती वास्तवाजवळची!

मग बिघडले कोठे? खेळणाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले की, जीवशक्ती वाढविण्यासाठी बलाढ्य शत्रू शोधण्याची गरज नाही. आपल्याच सोबत्यांवर वार करावेत, म्हणजे झाले. दुसरी गंमत याहून मोठी. लढाईत एखादी आज्ञा निवडावयाची आणि लगेच रद्द करावयाची. तलवार उचललीही जात नसे, पण सराव मात्र जमा होई! म्हणजे मोजणी कृतीची होत नव्हती, नुसत्या निवडीची होत होती. शूर बंडखोर मग रानात उभे राहून एकमेकांना बडवू लागले.

भौतिकीच्या भाषेत हा दोष सांगणे सोपे आहे. तापमापकातील पारा खोलीच्या उष्णतेची खूण आहे. तापमापक मुठीत धरला तर पारा चढतो, पण खोली काही ऊबदार होत नाही. जखमा ही पराक्रमाची खूण होती. त्या खुणेलाच बक्षीस लावल्यावर पराक्रमावाचून जखमा पैदा होऊ लागल्या. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणासंबंधी असेच निरीक्षण मांडले. नियंत्रणासाठी एखाद्या मापावर भर दिला, की त्या मापाचा भरवसा ढासळतो, असा त्याचा आशय.

आता आपल्या प्रयोगशाळेत या. साध्या दोलकावरून गुरुत्वत्वरण काढावयाचे असते. उत्तर ९.८ च्या आसपास आले की गुण मिळतात, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. मग उत्तर आधी आणि निरीक्षणे मागाहून, अशा उलट्या क्रमाने कोष्टक भरले जाते. कंपास-पट्टी हाती न धरता रेषा सरळ येते. ही रद्द केलेल्या आज्ञेचीच मोजणी नव्हे काय? याचा सारा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. खेळणाऱ्यांनी नियम मोडला नव्हता. त्यांनी तो तंतोतंत पाळला होता. नियम करणाऱ्याने तो आधी पळवाट शोधणाऱ्याच्या नजरेने तपासला पाहिजे. दोलकाची लांबी प्रत्येकास निराळी द्यावी, उत्तर ९.४ आले तरी त्रुटीची कारणमीमांसा नीट असल्यास पूर्ण गुण द्यावेत, म्हणजे खोटे कोष्टक भरण्यात फायदाच उरणार नाही.

एखादा म्हणेल की, जुनी शिडीच बरी होती. १९९० च्या 'फायनल फॅन्टसी ३'मध्ये कंपनी पायऱ्यांकडे परतलीही. परंतु कावाझूंनी कल्पना सोडली नाही. १९८९ पासूनच्या 'सागा' मालिकेत ते ती निरनिराळ्या प्रकारे घडवीत राहिले. वापराने कौशल्य वाढण्याचे हेच तत्त्व २०११ च्या 'स्कायरिम'सारख्या खेळातही दिसते. मूळ खेळाच्याही सुधारित आवृत्त्या निघाल्या. २०२१ च्या आवृत्तीपर्यंत त्याचे बरेच काटे काढले गेले. कल्पना चुकीची नव्हती. तिला जोडलेले माप कच्चे होते, आणि माप सुधारता येते.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, सरावावर गुण देणे थांबवू नका. पण आपण मोजतो ते काय, हे वर्षातून एकदा तरी तपासा. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या प्रात्यक्षिकात दोलकाचे वीस हेलकावे खरोखर मोजा. तेवढा सराव तुमच्या वहीबाहेरही शिल्लक राहील.